पागोळीपुरती जागा

सुरुवातीलाच माफी मागते. परीक्षेतली उत्तरं आणि निरनिराळे अर्ज सोडले तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे असं काही लिहिताना आधी कुणाला दाखवावं हेही मला कळत नाही. आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी मी घेतलेली नाही. घ्यायला गेले असते तर त्यांनी आधी अर्ज मागितला असता, अर्जाला नकाशा जोडायला लावला असता, आणि हे लिखाण पुढच्या वर्षावर गेलं असतं. म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. गावात सगळे त्यांना काका म्हणतात. मीही तेच म्हणते.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला. काकांचं घर आमच्या घराच्या मागे. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. साहेब टेबलाशी उभे राहून नकाशा काढायचे आणि काका साखळीचं टोक धरून चिखलातून, काट्यांतून, कधी कुणाच्या गोठ्यातून पलीकडे जायचे. "शहापूर नि मुरबाड, दोनी तालुके मी पायानं मोजलेत," असं ते म्हणतात. यात बढाई नसते. माणूस आपली जन्मतारीख सांगतो तशी ते ही गोष्ट सांगतात.

निवृत्त झाल्यावर साखळी सरकारला परत गेली. काकांनी कळकाची सहा फुटी काठी तोडली, तिच्यावर तापल्या सळईने फुटाचे आणि इंचांचे डाग दिले आणि मोजणी पुढे चालू ठेवली. ते मोजल्याशिवाय कुठे बसत नाहीत असं म्हटलं तरी चालेल. एकदा गावात कबड्डीचा अंतिम सामना सुरू व्हायचा होता. दोन्ही संघ मांडीवर थाप मारून उभे, आणि काका मैदानात काठी घेऊन वाकलेले. मैदान एका बाजूला सात इंच कमी भरलं. पंच म्हणाले, "काका, दोन्ही टीमला सारखंच कमी हाय ना?" काका म्हणाले, "खोटं दोघांना सारखं वाटलं म्हंजे खरं होतं काय?" रेघ पुसून नवी मारेपर्यंत सामना थांबला. हरलेल्या संघाने मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच मैदानावरून भांडण केलं नाही.

त्यांच्या भाच्याने एकदा मोबाइलमधलं मोजायचं ॲप दाखवलं. काकांनी ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. आता हे गुडघाभर चिखलात बुडव, मग परत दाखव."

काकू अगदी उलट. तोंडाने सैल, मनाने त्याहून सैल. "लग्नात या माणसानं मांडव मोजला," त्या मला सांगायच्या. "मला नाय बघितलं. नंतर विचारलं तर म्हणतो, मांडव वाकडा होता." काका आतून म्हणायचे, "होताच."

काकांचा सगळा कायदा एका शब्दात बसायचा : पागोळी. छपरावरून ओळीने गळणारं पाणी जिथे जमिनीवर पडतं, ती जागा. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या छपराचं पाणी तुमच्याच जमिनीवर पडलं पाहिजे. हे नीट झालं तर शेजारी भांडत नाहीत. ग्रामपंचायतीच्या नियमात हद्दीपासून तीन फूट सोडा असं लिहिलं आहे. काका म्हणायचे, "तीन फूट कशाला ठेवले? वाऱ्यानं पागोळी उडते, तिच्यासाठी. नियम करणारा कधीतरी पावसात भिजलेला माणूस असणार."

गावात प्रत्येकाच्या परसात काहीतरी उभं आहे. पेंढ्याची शेड, लाकडांचा आडोसा, शेळ्यांची खोपी. परवानगी कुणाकडेच नाही, आणि कुणी मागतही नाही. अपवाद एकच. काकांच्या घरामागची शेड, दहा बाय आठ, कारवीचे शेणाने सारवलेले कूड, वर पत्रे. तिच्या परवानगीचा कागद त्यांनी फ्रेम करून शेडमध्येच लावला होता, जिथे दुसऱ्या कुणी देवाचा फोटो लावला असता. त्यावर लिहिलं होतं : पेंढा व शेती अवजारे साठवण्याकरिता.

या ओळीमुळेच माझा आणि काकांचा खरा संबंध आला.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझे दोन विषय राहिले. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात, त्यात बहीण बाळंतपणाला आलेली. मी वाचायला बसले की बाळ रडायचं, बाळ गप्प झालं की टीव्ही लागायचा. बाबा रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "जूनच्या परीक्षेत दोन्ही सुटले तर शिक. नायतर भिवंडीकडं गोदामात पोरी घेतात, तिथं बघू." ते वाईट बोलले असं मला अजूनही वाटत नाही. पण त्या दिवसापासून मला रोज बसायला एक जागा हवी होती. मोठी नको, फक्त रोज तीच.

मी आंब्याखाली बसायला लागले. मुंग्या चढायच्या. एक दिवस काका काठी टेकत आले.

"काय गो, किती जागा लागते तुला वाचायला?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला मांडी घालून बसायला लावलं, पुस्तक उघडं ठेवायला लावलं, वही बाजूला. मग काठी आडवी-उभी धरून म्हणाले, "अडीच बाय तीन. डबा धरून तीन बाय तीन. माझी शेड अर्धी रिकामी हाय."

मला इतका आनंद झाला की मी लगेच पुस्तकं उचलली. शेडच्या दारापर्यंत गेलो आणि काका थबकले. समोर फ्रेम होती. त्यांनी ती ओळ वाचली, जशी काही पहिल्यांदाच वाचत होते.

"तू पेंढा नायस," ते म्हणाले.

"नाही काका."

"अवजार पण नायस."

काकू मागून ओरडल्या, "अहो, पोरीला आत बसू द्या! कोण येतंय बघायला?"

"मी येतो ना रोज," काका म्हणाले.

मग त्यांनी बराच विचार केला आणि शेडच्या मागे गेले. शेड आणि पलीकडच्या शेजारी दादांच्या परसाच्या हद्दीवरचं शेराच्या झुडपांचं कुंपण, यांच्यामध्ये ती तीन फुटांची पट्टी होती. पागोळीसाठी सोडलेली, स्वच्छ झाडलेली, दुपारनंतर सावलीची. "इथं बांधायचं नाय, असा नियम हाय," काका म्हणाले. "बसायचं नाय असं कुठंच लिवलेलं नाय. तू इथं बस. मी आतल्या जागेसाठी अर्ज टाकतो."

अशी मी दिवाळीनंतर त्या पट्टीत बसायला लागले. कॉलेजवरून एसटीने यायचं, भाकरी खायची, गोणपाट टाकून कुडाला पाठ लावायची. कोपऱ्यात एक बुटका दगड जमिनीतून वर आलेला होता, त्याच्यावर पाण्याची बाटली ठेवायची. इतकं शांत मी आयुष्यात कुठे बसले नव्हते. बाबा एकदा बघून गेले. "वाचायला पण परवानगी लागते व्हय?" असं म्हणून हसले, पण दुसऱ्या दिवशी पाठीला टेकायला एक फळी आणून ठेवून गेले.

अडचण एकच होती. ही जागा मिरगापर्यंतचीच. पाऊस लागला की पागोळी बरोबर माझ्या डोक्यावर पडणार होती, कारण ती जागा होतीच तिच्यासाठी. आणि परीक्षा जूनमध्ये.

काकांचा पहिला अर्ज ग्रामसेवकांनी हसून परत केला. "काका, शेड तुमची, पोरगी गावची. बसवा की आत. कोण विचारतंय?"

"मी विचारतोय," काका म्हणाले.

"आता याला मी काय शेरा मारू?"

"शेरा नंतर मारा, भाऊसाहेब. आधी पोच द्या."

पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, ही काकांची आवडती गोष्ट. "पोच म्हंजे आपण हाक मारली नि डोंगरानं ओ दिली," असं ते म्हणायचे. ग्रामसेवकांनी शेवटी सांगितलं, की वापर बदलायचा तर ते त्यांच्या हातात नाही. नकाशा जोडा, मे महिन्याच्या ग्रामसभेत ठेवू, मग तालुक्याला शहापूरला विचारू.

नकाशा काढायचा तर काकांचा हात आता कापायचा. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. काठी कशी आडवी धरायची, डाग कसा वाचायचा, एकदा मोजलं ते ऐकीव आणि दोनदा मोजलं ते माहीत, हे सगळं शिकवलं. दर दुसऱ्या वाक्याला एक जुनी गोष्ट. "कुंपणावर कधी विश्वास ठेवायचा नाय," ते सांगत होते. "शेर चालतो. एका बाजूनं छाटलं की दुसऱ्या बाजूला सरकतो. दोनी तालुक्यांत कुंपणं चालताना बघितली मी. हद्द बघायची तर दगड शोध. आमच्या हद्दीचा दगड या कुंपणाखाली हाय, माझ्या बानं नि दादाच्या बानं मिळून पुरलेला. कुंपण त्याच्यावरच लावलंय."

ते चहाला घरात गेले आणि मी एकटी मोजायला लागले. कुंपणापासून शेडचं छप्पर, बरोबर तीन फूट. लिहिलं. मग दोनदा मोजायचं म्हणून परत वाकले, आणि माझी नजर बाटलीखालच्या दगडावर गेली. तो कुंपणाखाली नव्हता. कुंपणाच्या अलीकडे होता, वीतभर. मी त्याच्यावरची माती खरवडली. वर छिन्नीने मारलेली फुली होती.

मग सगळं लक्षात आलं. काका दर वर्षी कुंपण आपल्या बाजूने रेघ मारल्यासारखं छाटत होते. पलीकडे दादा कधीच छाटत नसत. शेर वीतभर दादांच्या परसात चालत गेला होता आणि काकांनी शेड बांधताना त्याच कुंपणापासून तीन फूट धरले होते. खरी पागोळीची जागा दोन फूट तीन इंचच होती.

मला काय करावं कळेना. कुंपणापासूनचे तीन फूट नकाशावर लिहिले असते तर कुणालाही समजलं नसतं. मला आत जागा मिळाली असती. खरं लिहिलं तर अर्जच बुडाला असता, आणि ज्या माणसाने मला काठी धरायला शिकवली त्यालाच मी खोटं पाडलं असतं. मी काकूंकडे गेले आणि सांगताना रडायलाच लागले.

काकूंनी पदराने माझं तोंड पुसलं. "सांग त्यांना. आत्ताच सांग. चाळीस वर्सं मी वाट बघतेय या माणसाचं कायतरी चुकायची. नि चुकलं ते माझ्या हयातीत चुकलं, हे काय कमी हाय?"

मी सांगितलं. काका काठी घेऊन उठले. मागे आले, स्वतः मोजलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग पहार मागवली आणि दगडाच्या कडेने खणायला सांगितलं. "खाली कोळसा असंल तर दगड मूळचा," ते म्हणाले. जुनी माणसं हद्दीचा दगड पुरताना खाली कोळसा घालत. लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही. दगड कुणी हलवला तरी कोळसा जागा सांगतो.

हातभर खाली काळा कोळसा निघाला. काकांनी एक तुकडा उचलून तळहातावर घेतला आणि बोटाने चोळला. मला वाटलं, आता रागावतील. ते वर बघून म्हणाले, "काय मोजलंस गो पोरी! आमच्या साहेबांना पण सुटला असता." आणि घराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलंस काय? माझं चुकलं!"

"ऐकलं!" आतून आवाज आला. "परत एकदा सांगा!"

मे महिन्याच्या ग्रामसभेत गर्दी बरीच होती, कारण काकांचा अर्ज येणार हे सगळ्यांना कळलं होतं. पलीकडचे दादा आधीच उभे राहिले. "माझा पोरीला विरोध नाय," ते म्हणाले. "पण हे कागद इथं नको. आज काकाच्या शेडचा नकाशा तालुक्याला गेला, उद्या आमच्या शेडी मोजायला माणूस येईल. मग काय करायचं?" माना हलल्या. जवळजवळ सगळ्यांच्याच हलल्या. मी मागे बायकांत बसले होते. मला वाटलं, संपलं.

काका काठी टेकून उभे राहिले. "दादा म्हणतो ते बराबर हाय. मोजायला माणूस आला तर पहिली माझी शेड धरील. ती वीतभर पुढं हाय."

सरपंचबाई म्हणाल्या, "काका, कुणाची?"

"माझी. माझ्या कुंपणानं दादाची वीतभर जागा खाल्ली. मला ठाऊक नव्हतं. या पोरीनं मोजून काढलं. नकाशात खरं लिवलंय. अर्ज पास करा नायतर नका करू, शेड मी मागं घेणार."

दादा पुन्हा उठले. मग खाली बघून म्हणाले, "आता तुमी असं बोललात तर मला पण बोलायला लागेल. माझा गोठा रस्त्यावर दीड फूट हाय."

"ते आमाला पयल्यापासून ठाऊक हाय रे!" मागून कोणीतरी ओरडलं, "बैल रस्त्यातच शेण टाकतो!" आणि जो हशा उठला तो थांबेना. एकाने आपली खोपी विहिरीच्या वाटेवर असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने लाकडांचा ढीग. सरपंचबाईंनी टेबलावर हात आपटला. "आज काय कबुलीचा दिवस हाय काय? लिहा हो भाऊसाहेब. तालुक्याचं उत्तर येईपर्यंत, दिवसाच्या वेळी, एक विद्यार्थिनी शेडमध्ये अभ्यासाला बसेल. कुणाची हरकत?"

"हाय," काका म्हणाले. "आधी शेड मागं. मग पोरगी आत."

तर पुढच्याच रविवारी गावाने शेड हलवली. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस, असं मी लिहिलं तर कुणी हसू नये. पेंढा बाहेर काढला. मेढींचे, म्हणजे खांबांचे, खड्डे एका बाजूला वीतभर लांबवले. मग प्रत्येक मेढीला दोन-दोन माणसं लागली. माझे बाबा एका बाजूला, दादा त्यांच्या जोडीला. काका काठी घेऊन दगडापाशी वाकलेले.

"हाऽ य्या!" शेड करकरली आणि चार बोटं सरकली.

"थांबा!" काका ओरडले. "ए पोरा, तुझी बाजू पुढं गेली."

"काका, लग्नाची वरात हाय काय, रांगेत चालायला?"

"हाऽ य्या!" पत्रे खडखडले, कोंबड्या पळाल्या, काकू हातात चहाची किटली घेऊन नाचायच्या बाकी राहिल्या होत्या. तिसऱ्या हाकेला काकांनी काठी आडवी टाकली आणि हात वर केला. तीन फूट. मेढींभोवती माती चोपून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "घे तुझी पुस्तकं."

पाऊस लागला तेव्हा मी आत होते. माझ्या जुन्या जागेवर पागोळी सरळ रेघेत पडत होती, दगडाच्या अलीकडे. दोन्ही विषय सुटले. बाबांनी निकाल मोबाइलवर तीन वेळा बघितला आणि गोदामाचं नाव पुन्हा काढलं नाही. आता मी शेवटच्या वर्षाला आहे.

तालुक्याचं उत्तर मात्र येत नव्हतं. काका दर महिन्याला एसटीने शहापूरला जायचे आणि पोच दाखवून यायचे. गेल्या आठवड्यात ग्रामसेवक स्वतः लिफाफा घेऊन घरी आले. काकांनी चष्मा असूनही मला वाचायला लावलं. पत्र सहा ओळींचं होतं. सदर शेड जोते नसलेली व तात्पुरत्या स्वरूपाची असल्याने तिच्या उभारणीस परवानगीची आवश्यकता नव्हती. तिचा दिवसा अभ्यासासाठी वापर करण्यासही परवानगीची आवश्यकता नाही.

काकूंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. "म्हंजे बांधायला पण लागत नव्हती? नि बसायला पण?" आणि त्या हसत हसत ओट्यावरच बसल्या. ग्रामसेवकही हसले. मी काकांकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती.

ते काठी घेऊन उठले आणि मागे गेले. मी त्यांच्या मागे. त्यांनी दगडापासून छपराच्या कडेपर्यंत काठी धरली, डाग वाचला, परत एकदा धरली. मग माझ्याकडे वळले. चेहरा कबड्डीच्या मैदानावर असायचा तसाच, पण डोळे हसत होते.

"बरं झालं हे आधी ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "ठाऊक असतं तर कुणी मोजलंच नसतं. कागद आण. पोच लिहायची हाय."

मी लिहिलं, आपले पत्र मिळाले.

"पुढं लिव," काका म्हणाले. "शेड जागेवर हाय."